ठोकळे रंगाने लावू नका

सुरुवातीलाच कबुली देऊन टाकतो. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे, बी. कॉम. आहे, गेली बावीस वर्षं एका बँकेत काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो आहे, आणि संध्याकाळी घरी आल्यावर प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांशी खेळतो. लेगोच्या. "मुलासाठी घेतलेत हो," ही थाप मी दोन वर्षं मारली. मग चिरंजीव तिसरीत गेले आणि त्यांनी वर्गात जाहीर केलं, की आमच्याकडे खेळणी बाबांची असतात आणि हात लावायचा तर बाबांना विचारावं लागतं. तेव्हापासून थाप बंद.

हे या वयात शोभतं का, यावर मी वाद घालणार नाही. ज्या शहरात पन्नाशीचे गृहस्थ लोकलमध्ये मांडीवर ब्रीफकेस ठेवून पत्ते कुटतात, तिथे हा प्रश्नच गैरलागू आहे. माझं भांडण आहे ते रंगवाल्यांशी.

रंगवाला म्हणजे ठोकळे रंगाप्रमाणे लावणारा माणूस. लाल एका डब्यात, पिवळे दुसऱ्यात, निळे तिसऱ्यात. दिसायला फार सुंदर! पाहुणे आले की "अय्या, किती छान!" म्हणतात. आमची ही याच पंथातली. माझ्या वाढदिवसाला तिने हौसेने खणाखणांचं प्लॅस्टिकचं कपाट आणलं आणि मी शाखेत वर्षअखेरीच्या कामात बुडालेलो असताना घरातले झाडून सगळे ठोकळे रंगवार लावून टाकले. मी घरी आलो तर भिंतीवर इंद्रधनुष्य! मी तिचे मनापासून आभार मानले. चूक तिथेच झाली.

कारण पुढच्याच आठवड्यात वडिलांची पंच्याहत्तरी होती. त्यांना मी बेस्टची डबलडेकर करून देणार होतो. मुंबईत १९३७ साली सुरू झालेली डबलडेकर. जुन्या डिझेलच्या गाड्यांतली शेवटची १५ सप्टेंबर २०२३ रोजी धावली, त्या दिवशी वडील जेवले नव्हते. लहानपणी दर रविवारी ते मला वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या बाकावर घेऊन बसत. तर गाडी तयार होत आली होती. एक-बाय-दोनची लाल चपटी पट्टी तेवढी हवी होती. सोळा मिलिमीटर लांब, आठ रुंद आणि जेमतेम सव्वातीन जाड.

रात्री अकराला मी लाल खण जमिनीवर ओतला. वाचकहो, लालात लाल शोधून पाहा एकदा! ठोकळा लाल, पट्टी लाल, उतरतं छप्पर लाल, त्यांच्या सावल्यासुद्धा लाल. साडेबारापर्यंत माझे डोळेही लाल झाले.

आता यातलं शास्त्र ऐका. माणसाच्या डोळ्याला रंग झटकन दिसतो, आकार सावकाश. एकाच आकाराच्या शंभर पट्ट्यांच्या ढिगात लाल पट्टी आपण होऊन हात वर करते. पण एकाच रंगाच्या हजार तुकड्यांत ती पट्टी म्हणजे दादरच्या गर्दीत पांढरा सदरा घातलेला मामा. म्हणून जे डोळ्याला आपोआप सापडतं, ते डोळ्यावर सोडावं. जे सापडत नाही, त्याच्यासाठी खण करावा. हे सांगायला बी. कॉम. लागत नाही, पण मला तरी खतावणीवरूनच समजलं. खतावणी खात्यावार असते. उद्या एखादा कारकून व्हाउचरं कागदाच्या रंगाप्रमाणे लावायला लागला, गुलाबी एका फाइलला, पिवळी दुसऱ्या, तर मॅनेजर त्याला रजेवर पाठवतील, आणि तीही वैद्यकीय!

"पण ते दिसायला किती छान दिसतं!" ही म्हणाली. इथेच तर खरी गोम आहे. रंगवार मांडणी बघणाऱ्यासाठी असते, आकारवार मांडणी करणाऱ्यासाठी. आणि बघणाऱ्यांची जातच मोठी चिवट. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ लेगोचे खोके आणतात आणि उघडतच नाहीत. "पुढे भाव येईल," म्हणतात. मी बँकेतला माणूस, मुदत ठेवीबद्दल मला नितांत आदर आहे. पण मुदत ठेवीशी खेळता येत नाही म्हणून तर आपण तिची पावती कपाटात ठेवतो! आठ बटणांचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे घ्या. ते एकमेकांना ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारांनी जोडता येतात, असा गणितज्ञांनी हिशेब केलेला आहे. सील न फोडलेल्या खोक्यात किती प्रकारांनी? शून्य. असला व्याजदर कुठली बँक देते?

तिसरे शुद्धतावादी. कारखान्यातून आला तसाच ठोकळा राहिला पाहिजे. रंग लावलात, कापलात, वर चिकटपट्टी चिकटवलीत तर बाटलात! यांना मी नम्रपणे विचारतो, बेस्टच्या गाडीच्या कपाळावरचा आकडा मराठीत असतो. तो डेन्मार्कहून येणार आहे का? मी तो चिकटपट्टीच्या कागदावर शाईने काढला आणि डकवला. ज्या गावात हे ठोकळे जन्मले त्या बिलुंडमध्ये हा धंदा काढणारा गृहस्थ मुळात सुतार होता. लाकडाला रंधा मारायला तो कुणाची परवानगी घेत असेल, असं मला वाटत नाही. आणि लेगो हे नावच मुळी 'छान खेळ' अशा अर्थाच्या डॅनिश शब्दांवरून आलं आहे. 'छान ठेव' असा त्याचा अर्थ कुणी सांगितलेला नाही.

असो. त्या रात्रीकडे येतो. पाऊण वाजता चिरंजीव पाणी प्यायला उठले. लाल समुद्रात बसलेल्या बापाकडे त्यांनी क्षणभर पाहिलं. "काय शोधताय, बाबा?" मी सांगितलं. ते आपल्या कॉटखालून श्रीखंडाचा एक जुना डबा घेऊन आले. केर काढताना सापडलेले, सोफ्याखाली गेलेले, माझ्या पायाला टोचल्यावर मीच रागाने भिरकावलेले ठोकळे त्यांनी त्यात गुपचूप जमवले होते. कपाटाला हात लावायची बंदी होती ना! ती बंदी कोणी घातली होती, हे आता विचारू नका. रंगवाल्यांना, सीलवाल्यांना, सगळ्यांना मी इतका वेळ बोलतोय, आणि माझ्या घरातलं पोर श्रीखंडाच्या डब्यावर खेळत होतं.

पट्टी अर्ध्या मिनिटात निघाली.

आता आमचं कपाट आकारवार आहे. लहान तुकडे मसाल्याच्या डब्यातल्या सात वाट्यांत. (मसाले सध्या वर्तमानपत्राच्या पुड्यांत आहेत, त्याबद्दल घरात वेगळी चर्चा चालू आहे.) श्रीखंडाचा डबा मात्र तसाच ठेवला आहे, सरमिसळ. कुठल्याही बँकेत सस्पेन्स खातं असतंच, ज्याचं काय करायचं ते कळत नाही ते त्यात टाकायचं. फरक इतकाच, की बँकेतलं सस्पेन्स खातं लवकर रिकामं करावं लागतं, आणि हे सारखं भरत राहावं. कपाटाला कुलूप नाही.

पंच्याहत्तरीच्या दिवशी गाडी वडिलांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, कपाळावरचा आकडा मोठ्याने वाचला आणि टेबलावरून भर्रकन ढकलली. ती ताटाला आपटली, वरचा मजला सुटला आणि पुढचा बाक थेट बासुंदीत. सगळे "अरे अरे!" करून उठले. मीसुद्धा. जुन्या सवयी लवकर जात नाहीत.

"ओरडतोस काय?" वडील म्हणाले, "बघायला दिली होतीस की खेळायला?"

मग त्यांनी नातवाला जवळ बोलावलं, आणि दोघं मिळून बाक धुवायला मोरीकडे गेले.