चिकटणे सोपे, सुटणे अवघड

सायंकाळी ट्यूबलाइटभोवती वावरणारी पाल बहुतेकांना नकोशीच वाटते. ती चुकचुकली तरी घरात त्याची चर्चा होते. तिच्या पावलांकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. आज त्या पावलांचा विषय काढण्यास एक जुनी आठवण कारणीभूत आहे.

अकोल्यात व्यवसायास आरंभ केला त्या काळी, एका वृद्ध आजींच्या हातावरील सलाईनची सुई काढताना मी चिकटपट्टी झटकन ओढली. पट्टीबरोबर पातळ सालीसारखी त्वचाही निघून आली. सुईची जागा दोन दिवसांत बुजली; माझ्या घाईची जखम भरण्यास तीन आठवडे लागले. आजी एवढेच म्हणाल्या, "जाऊ द्या डॉक्टरसाहेब, कातडंच जुनं झालं माह्यं."

कातडे जुने होते म्हणजे काय? वाढत्या वयात त्वचेचा वरचा थर पातळ होतो आणि खालच्या थरावरील त्याची पकड सैल होते. गोंदाची पकड त्याहून घट्ट असली, की पट्टी ओढताना गोंद सुटत नाही, त्वचाच सुटते. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांना हा धोका अधिक असतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्यास रक्तही लवकर थांबत नाही.

पालीने हा पेच केव्हाच सोडवला आहे. घोरपड नखांनी पकड घेते; पाल मात्र गुळगुळीत काचेवरही चढते, आणि तिच्या पायाला गोंद मुळीच नसतो. ईशान्य भारतात आढळणाऱ्या 'टोके' या मोठ्या पालीच्या एकेका पावलाखाली सुमारे ५ लाख सूक्ष्म केस असतात व प्रत्येक केसाच्या टोकाला शेकडो फाटे असतात. हे फाटे पृष्ठभागाच्या इतके निकट जातात, की रेणूंमधील क्षीण आकर्षणही एकत्रितपणे तिचे वजन पेलते. अमेरिकेतील केलर ऑटम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० ते २००२ या काळात हे दाखवून दिले. त्याहून नवल सुटण्याचे आहे. पाल पाऊल उपटत नाही. बोटांची टोके मागे वळवून ते सोलल्यासारखे सोडवते. केसांचा कोन बदलताच पकड संपते.

या पावलांवरून स्फूर्ती घेऊन रॉबर्ट लँगर, जेफ्री कार्प आणि सहकाऱ्यांनी २००८ साली शरीरात विरघळणारी, सूक्ष्म उंचवट्यांची पट्टी तयार करून प्राण्यांवर तपासली. ओल्या ऊतींवर टिकावी म्हणून तिला गोंदाचा पातळ थर मात्र द्यावा लागला. अशी पट्टी आपल्या औषधाच्या दुकानात येईल तेव्हा येईल. पालीची सोडण्याची रीत आजच उचलता येते.

पट्टीच्या कडेला थोडे खोबरेल तेल लावून काही मिनिटे थांबावे. उघड्या जखमेत तेल जाऊ देऊ नये. मग केसांच्या दिशेने एक टोक सोडवावे, दुसऱ्या हाताने त्वचा हलकेच दाबून धरावी आणि पट्टी वर न ओढता, स्वतःवरच मागे दुमडत, त्वचेलगत ठेवून सावकाश सोलावी. शक्य तेथे कागदी पट्टी वापरावी. हातापायांवर गॉज ठेवून वर सैलसर बँडेज गुंडाळले तरी बहुधा भागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो व घामाने पट्टी सुटते. म्हणून तिच्यावर दुसरी, तिसरी चिकटवीत जाऊ नये.

एवढे करूनही त्वचा फाटलीच, तर लोंबणारा पापुद्रा कापू नये; जखमेचे उत्तम आच्छादन तोच असतो. रक्त येत असल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरावे. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन पापुद्रा ओल्या गॉजने जागेवर सरकवावा, वर न चिकटणारे पॅराफिनचे ड्रेसिंग ठेवून सैल बँडेज बांधावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हळद वा टूथपेस्ट लावू नये.

आणि ज्येष्ठहो, पट्टी काढणारा डॉक्टर असो, परिचारिका असो वा घरचा मुलगा असो, "थोडे हळू" असे म्हणण्याचा संकोच करू नका. त्या आजींनी दोष आपल्या कातड्याला दिला होता. खरे तर तो माझ्या हाताचा होता.