नातवंडांबरोबर एक दिवस कांगारूंच्या गावी

मैत्रिणींनो, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण थट्टेनं म्हणत आलो. पण आता परभणीच्या, सेलूच्या, जिंतूरच्या बायका खरोखरच जगभर पोचल्या आहेत, बरं का! लेकीचं बाळंतपण असतं, नाहीतर सुनेची रजा संपलेली असते. मग पासपोर्ट काढायचा, डिंकाचे लाडू बांधायचे आणि सहा महिन्यांसाठी निघायचं. (ऑस्ट्रेलियाला जात असाल तर खाण्याची प्रत्येक वस्तू विमानातल्या फॉर्मवर लिहा आणि उतरल्यावर दाखवा. लपवलंत तर दंड होतो.)

पहिला महिना बाळाच्या न्हाऊमाखूत जातो. दुसऱ्या महिन्यात मात्र घर खायला उठतं. दारावर भाजीवाली येत नाही, शेजारीण विरजण मागायला येत नाही. लेक-जावयाला शनिवार-रविवार तेवढे मिळतात, ते कपडे आणि किराण्यात संपतात. ‘आई, तुला मॉल दाखवू?’ असं लेक विचारते खरी, पण मॉल काय, आता संभाजीनगरलाही आहेत! तुम्ही तिला स्पष्ट सांगा, मला एक अख्खा दिवस हवा आणि तो जनावरं बघण्यासाठी हवा. मागायला लाजू नका. सहा महिने दोन्ही वेळचा स्वयंपाक आपण केलेला असतो.

मेलबर्नला असाल तर हीलझव्हिल अभयारण्य गाठा. गावापासून साधारण पासष्ट किलोमीटर, मोटारीनं तास-सव्वा तास. १९३४ साली ते लोकांसाठी उघडलं. वाघ-सिंह तिथे नाहीत, सगळे प्राणी त्या मातीतलेच. पोचल्याबरोबर प्लॅटिपस बघा, लहान मुलं ताजीतवानी असतात तोवर. चोच बदकासारखी, शेपूट चपटी, अंडी घालतो आणि पिल्लांना दूधही पाजतो! बंदिस्त जागेत प्लॅटिपसची वीण जगात पहिल्यांदा इथेच झाली, १९४३-४४ मध्ये, डेव्हिड फ्ले या गृहस्थांच्या देखरेखीखाली.

पण बायकांनी खरं थांबावं ते कांगारूपाशी. पिल्लू जन्मतं ते घेवड्याच्या दाण्याएवढं आणि आपलं आपण सरपटत आईच्या पिशवीत शिरतं. थोरलं पिल्लू बाहेर उड्या मारत असतं, तरी पिण्यापुरतं तोंड आत घालतं. मग आई काय करते? एकाच वेळी दोन सडांतून दोन तऱ्हेचं दूध देते, तान्ह्याला वेगळं आणि थोरल्याला वेगळं. बाळंतिणीची लेक शेजारी उभी असली की हे तिला जरूर सांगा, हसेल तरी. वॉम्बॅट नावाचं बिळं करणारं जनावर आहे, त्याच्या मादीच्या पिशवीचं तोंड मागच्या बाजूला असतं, उकरताना माती पिल्लावर पडू नये म्हणून. कोआला मात्र बहुतेक वेळ झोपलेलाच दिसेल. त्याला कडेवर घेऊन फोटो काढायची त्या राज्यात परवानगी नाही, हट्ट करू नका. कुणालाही खायला घालू नका.

आणखी एक गोष्ट. ही जागा पूर्वी वुरुंजेरी या तिथल्या मूळ लोकांच्या कोरँडर्क वसाहतीत होती. १८६३ मध्ये वसलेली ती वसाहत १९२४ मध्ये बंद केली. जनावरांसाठी जपलेली जमीन माणसांकडून काढून घेतलेली होती, हेही नातवंडांना कळायला हरकत नाही.

उन्हाचं सांगायचं तर डिसेंबर-जानेवारी तिथला उन्हाळा. परभणीचं त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं ऊन पाहिलेल्या बायकांनो, त्या उन्हाला हसू नका. हवा गार असली तरी कातडी भाजते. साडीवर टोपी विचित्र दिसते, दिसू द्या. पायांत चपला नकोत, बूट घाला. जुलैत गेलात तर स्वेटरवर कोट हवाच. बरोबर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्या, बसून खायला जागा आहे.

तिथे हेल्मेटेड हनीईटर नावाचा पिवळ्या तुऱ्याचा छोटा पक्षी आहे, व्हिक्टोरिया राज्याचा राज्यपक्षी. एकेकाळी तो पन्नासाच्या आसपासच उरला होता. १९८९ पासून इथे त्याची पैदास करून रानात सोडतात. तिथल्या शाळेत जाणाऱ्या नातवाला हे सारं पाठ असतं. मग तो विचारतो, ‘आजी, तुझा राज्यपक्षी कोणता?’ या प्रश्नाला आपण गप्प राहिलो, तर आपलं गाव त्याच्यासाठी नुसतं धुळीचं आणि डासांचं राहतं. म्हणून निघण्याआधीच पाठ करून ठेवा: पक्षी हरियाल, प्राणी शेकरू, फूल ताम्हण. शेकरू म्हणजे भीमाशंकरकडची मोठी तांबूस खार. हरियाल म्हणजे पिवळ्या पायांचं हिरवं कबूतर. वड-उंबराच्या फळांवर थवे येतात, पण पानांत दिसत नाहीत, क्वचितच जमिनीवर उतरतात. माळढोकाचंही सांगा. सोलापूर-नगरकडे त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य केलं, तरी आज तिथे तो दिसला की बातमी होते. हे सांगताना जीभ जड होते, पण मुलांना खरंच सांगावं. आणि मराठीतूनच सांगा. ‘पिशवी’, ‘पिल्लू’, ‘बीळ’, ‘तुरा’ हे शब्द समोर जनावर असताना जे बसतात ते पुस्तकातून बसत नाहीत.

मुलं डिसेंबरात परभणीला आली की त्यांना लोणारला न्या. उल्का पडून झालेलं खाऱ्या पाण्याचं सरोवर आणि भोवतीचं रान २००० साली अभयारण्य झालं. मोर, वानरं, घोरपडी आहेत. २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं होतं, खारट पाण्यातल्या सूक्ष्म जीवांमुळे. परभणीहून जाऊन-येऊन दिवस लागतो. भल्या पहाटे निघा. दशम्या आदल्या रात्री करून ठेवल्या तर चालतात, आणि खाली उतरायची वाट उभी आहे, तेव्हा पाण्याच्या बाटल्या जावयाच्या पाठीवर द्या.