न भरणारी जखम आणि क्षयाचा शिक्का

दुर्बिणीद्वारे केलेली शस्त्रक्रिया यशस्वी होते, टाके निघतात, रुग्ण कामालाही लागतो. आणि तीन-चार आठवड्यांनी त्याच व्रणाशी गाठ येऊन पू वाहू लागतो. नेहमीच्या प्रतिजैविकांना तो दाद देत नाही. अशा काही जखमांच्या मुळाशी क्षयजंतूचे भाऊबंद असतात. रॉबर्ट कॉख यांनी 1882 मध्ये क्षयाचा जंतू शोधला. त्याच कुळातील, परंतु क्षय वा कुष्ठरोग न करणाऱ्या सुमारे दोनशे जाती आज ज्ञात आहेत. माती आणि पाणी हे त्यांचे घर. माणसाकडून माणसाला हा त्वचारोग सहसा होत नाही. तो जखमेवाटे, सुईवाटे, शस्त्रक्रियेच्या उपकरणांवाटे शिरतो.

म्हणूनच हा प्रश्न रुग्णाच्या नशिबाचा नसून रुग्णालयाच्या शिस्तीचा आहे. हे जंतू नळाच्या पाण्यातील क्लोरिनला पुरून उरतात. त्यांपैकी काही ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणालाही जुमानत नाहीत. उपकरणांचे संच थोडे आणि दिवसाच्या शस्त्रक्रिया अधिक, अशा ठिकाणी वाफेच्या दाबाखालील निर्जंतुकीकरणाऐवजी द्रावणात बुडवण्यावर भागवले जाते. त्यावर तीच उपकरणे साध्या पाण्याने धुतली, की केलेली खबरदारीही वाया जाते.

दुसरी चूक निदानाची. सूक्ष्मदर्शकाखाली हे जंतू क्षयजंतूसारखेच दिसतात. तेवढ्यावरून क्षयाचा शिक्का बसतो, परंतु क्षयावरील नेहमीची औषधे यांतील जलद वाढणाऱ्या जातींवर बहुधा चालत नाहीत. पू प्रयोगशाळेत वाढवून जंतूची जात ठरवावी आणि मगच क्लॅरिथ्रोमायसिन, अमिकासिन यांसारखी औषधे अनेक महिने द्यावीत, हाच मार्ग होय.

सोमेश्वरनगरसारख्या ऊसपट्ट्यात या विलंबाचे मोल अधिक आहे. दिवाळीच्या सुमारास तोडणीच्या टोळ्या येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी कारखान्याचा पट्टा पडला की परततात. कोयत्याची जखम, तिच्यात गेलेली माती, घाईने घेतलेले इंजेक्शन हे त्यांच्या रोजच्या जिण्याचे भाग आहेत. चार-सहा महिन्यांचा उपचार सुरू होईतो कामगार गावी गेलेला असतो. निदानाचा कागद त्याच्यासोबत गेला नाही, तर पुढचा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून आरंभ करणार!

क्षयरोगाची नोंद 2012 पासून बंधनकारक झाली. त्याच्या या भाऊबंदांना तसे बंधन नाही. जे नोंदले जात नाही त्याचा उगमही शोधला जात नाही, आणि एकाच रुग्णालयातील पाच जखमा पाच निरनिराळी दुर्दैवे ठरतात. बारामतीत 2019 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तालुक्यातील न भरणाऱ्या जखमांचा पू तेथवर पोहोचावा, आणि एका ठिकाणचे दोन रुग्ण आढळताच तेथील पाणी व उपकरणे तपासली जावीत, अशी व्यवस्था अशक्य कोटीतील नाही. निर्जंतुकीकरणाच्या यंत्राचा खर्च रुग्णालयाला जड वाटेल. परंतु तो वाचवला तर हातावर पोट असलेल्या कुटुंबाला तो सहा महिन्यांच्या बुडालेल्या मजुरीने भरावा लागतो.