छप्पर चर्चचं, बिल शेतकऱ्याचं

इंग्लंडमध्ये वॉरिकशर परगण्यात ॲस्टन कँटलो नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये शेक्सपिअरच्या आईवडलांचं लग्न लागलं, असं परंपरेनं मानतात. पर्यटकांना खेचायला एवढं भांडवल पुरेसं आहे. मला मात्र त्या चर्चची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९९४ साली चर्चच्या समितीनं एका शेतकरी दांपत्याला दुरुस्तीचं बिल पाठवलं. रक्कम ९५,२६० पौंड. ते दोघं प्रार्थनेला जातात की नाही, देव मानतात की नाही, याच्याशी बिलाचा संबंध नव्हता. संबंध होता तो त्यांच्या नावावरच्या एका शेताशी.

हे समजायला दशांशापासून सुरुवात करावी लागते. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा पॅरिशच्या चर्चचा असे. धान्य, गवत, लाकूड हा मोठा दशांश रेक्टरचा. कोंबड्या, अंडी, भाजीपाला असला किरकोळ हिस्सा अनेक ठिकाणी व्हिकरच्या वाट्याला. रेक्टर एवढं घेतो म्हणून त्याच्यावर एक जबाबदारीही होती. चर्चमधला वेदीचा भाग, ज्याला चॅन्सल म्हणतात, तो त्यानं सांभाळायचा. लोक बसतात तो भाग गावानं सांभाळायचा. व्यवहार म्हणून ठीकच. जो खातो तो भरतो.

मग मठांनी हे रेक्टरपण स्वतःकडे घेतलं. ॲस्टन कँटलोचं मॅक्सस्टोकच्या मठाकडे गेलं. गावात काम करायला बदली माणूस ठेवला; 'व्हिकर' या शब्दाचा मूळ अर्थच बदली माणूस. १५३६ ते १५४० मध्ये आठव्या हेन्रीनं मठ बुडवले आणि त्यांची मालमत्ता, दशांशाच्या हक्कांसकट, सरदार-सावकारांना विकली. देवाच्या नावानं गोळा होणारं धान्य आता एखाद्या जमीनदाराच्या कोठारात जाऊ लागलं. शेतकऱ्यानं द्यायचं थांबलं नाही, फक्त घेणारा बदलला. देणार नाही म्हणणारे क्वेकर तुरुंगात गेले.

१७४३ साली ॲस्टन कँटलोची शेतं नव्यानं वाटून कुंपणं घातली गेली, तेव्हा दशांशाच्या बदल्यात जमीन देण्यात आली. दशांश संपला. चॅन्सल सांभाळायची जबाबदारी मात्र त्या जमिनीला चिकटली आणि जमीन विकत, वारशानं उतरत ती विसाव्या शतकापर्यंत आली. आपल्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा रकाना असतो ना, तिथे अडीचशे वर्षांपूर्वीचं कर्ज बसलेलं असावं, तसं. फरक एवढाच की या कर्जाला वरची मर्यादाच नाही. छप्पर जितकं गळेल तितकं बिल.

प्रकरण कोर्टात गेलं. २००१ साली अपील कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला: चर्चची समिती ही सार्वजनिक संस्था आहे, आणि ही वसुली म्हणजे काही मोजक्या जमीनमालकांवर मनमानीपणे बसवलेला कर आहे. २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्‌सनं तो निकाल फिरवला. त्यांचं म्हणणं, पॅरिशची समिती ही सरकारी यंत्रणा नव्हे, त्यामुळे मानवी हक्कांचा कायदा तिला तसा लावता येत नाही. हे साधं दिवाणी देणं आहे. पाचांपैकी एका न्यायमूर्तींना समितीचं हे काम सार्वजनिक वाटलं, पण वसुली बेकायदा त्यांनाही वाटली नाही.

मला राग येतो तो इथे. चर्च ऑफ इंग्लंड हे राज्याचं अधिकृत चर्च आहे. राजा त्याचा सर्वोच्च गव्हर्नर. त्याचे २६ बिशप कायदे करणाऱ्या वरिष्ठ सभागृहात बसतात (न्यायनिवाडा करणारे लॉर्ड वेगळे, मान्य). पॅरिशमध्ये राहणाऱ्या माणसाला, त्याची श्रद्धा असो-नसो, तिथे लग्न लावण्याचा हक्क आहे. वसुलीचा हक्कही शतकानुशतकांच्या राज्याच्या कायद्यातून आलेला. म्हणजे मान घ्यायला हे सार्वजनिक, पैसे घ्यायला सार्वजनिक. फक्त जाब विचारला की खाजगी मंडळ. कायद्याच्या भाषेत हे नीट बसवता येतं. पण बसवता येतं म्हणून न्याय्य ठरत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं: खरेदीखतात लिहिलं होतं, माहीत असून जमीन ठेवली, मग तक्रार कसली? लिहिलेलं होतं हे खरं. पण माहिती असणं आणि देणं योग्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वेठबिगारीही वहीत लिहिलेली असायची. ज्या लाभाच्या बदल्यात ही जबाबदारी जन्मली तो लाभ या दोघांनी कधी पाहिला नाही. त्यांच्या कोठारात कुणाच्या शेतातली एक पेंढीही आली नव्हती.

त्यात कुणी खलनायकही नाही. समितीतले लोक गावातलेच स्वयंसेवक. हक्काचं देणं वसूल केलं नाही तर आपल्याच खिशाला चाट बसेल, ही भीती त्यांच्या डोक्यावर. समितीनं दांपत्याला कोर्टात खेचलं कारण नियम तसा होता. २००७ मध्ये अंतिम आकडा ठरला: १,८६,९६९ पौंड, वर व्हॅट. वकिलांचा खर्च निराळाच. शेवटी २००९ मध्ये दांपत्यानं शेत लिलावात काढलं.

जुनी चर्चं टिकायला हवीत, याबद्दल माझा वाद नाही. चर्च ऑफ इंग्लंडकडे सुमारे १६,००० चर्चं आहेत, त्यांतली बरीचशी शेकडो वर्षांची. ती साऱ्या देशाचा वारसा आहेत, म्हणूनच त्यांचा खर्च देशानं किंवा चर्चनं उचलावा. चर्च कमिशनर्सचा मध्यवर्ती निधी १० अब्ज पौंडांहून अधिक आहे. तो मुख्यतः पाद्र्यांचं निवृत्तिवेतन आणि चर्चच्या कामासाठी असतो, गावच्या छपरासाठी नाही. याच निधीच्या पूर्वज संस्थेनं, क्वीन ॲन्स बाउंटीनं, अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारातल्या साउथ सी कंपनीत पैसे गुंतवले होते. २०२३ साली कमिशनर्सनी ते जाहीर करून त्यापोटी १० कोटी पौंड बाजूला काढायचं ठरवलं. चांगलंच केलं. पण याच बाउंटीच्या वतीनं १९३० च्या दशकात दशांशाच्या थकबाकीसाठी बेलिफ शेतकऱ्यांच्या दारात जात होते. तीनशे वर्षं मागे जाऊन स्वतःचा हिशेब तपासता येतो, तर शेतकऱ्याच्या नावावरचा हिशेब का पुसता येत नाही?

आमच्या धंद्यात जुन्या कोडमध्ये अशा ओळी सापडतात. कुणी लिहिल्या, का लिहिल्या, ठाऊक नसतं, आणि काढल्या तर काय मोडेल या भीतीनं कुणी हात लावत नाही. इथे तीही सबब नाही. ही ओळ कुठून आली ते सगळं माहीत आहे. १९८५ मध्येच तिथल्या लॉ कमिशननं शिफारस केली होती की दहा वर्षांची मुदत देऊन हा बोजा रद्द करा. संसदेनं तो रद्द करण्याऐवजी नोंदणीचा नियम बदलला. ऑक्टोबर २०१३ नंतर विकल्या गेलेल्या जमिनीवर नोंद नसेल, तर नवा मालक सुटतो. वारशानं किंवा बक्षीस म्हणून मिळालेल्या जमिनीला ही सूट नाही. नोंद झाली असेल तर कुणालाच नाही.

आणि म्हणून यावर विमा विकला जातो. इंग्लंडमध्ये घर घेताना माझ्या एका सहकाऱ्याच्या वकिलानं खर्चाच्या यादीत ही ओळ टाकली होती: चॅन्सल दुरुस्तीच्या जोखमीची पॉलिसी, किरकोळ हप्ता. अशा पॉलिसींमध्ये सहसा एक अट असते: बोजा आहे की नाही, हे चर्चला विचारायला जायचं नाही. विचारलंत तर विमा रद्द होऊ शकतो. जन्मात चर्चमध्ये पाऊल न ठेवलेल्या त्या पुण्याच्या मुलानं हप्ता भरला आणि काही विचारलं नाही.