वकीलसाहेब, तुमचे अशील कोण?

मंडळी, पोस्ट लांबलीय, पण शेवटपर्यंत वाचा. वाचताना कोणाचा चेहरा डोळ्यांसमोर आला तर नाव मनातच ठेवा. मी एका माणसाबद्दल नाही, एका रीतीबद्दल लिहितोय.

आपल्या डोंबिवलीत एक ठरलेला जिना आहे. आधी एलएलबी. मग काही वर्षं सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या फेऱ्या. मग बिल्डरचे करारनामे, टायटल सर्च, डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट. ऑफिसला एसी लागतो. त्यानंतर मंडळाचे कायदेशीर सल्लागार, खड्ड्यांवर आयुक्तांना निवेदन, पेपरात फोटो. आणि एक दिवस चौकात बॅनर: 'सुप्रसिद्ध विधिज्ञ, नागरी प्रश्नांचे गाढे अभ्यासक'.

वकिलाने शहराच्या कारभारात पडू नये असं मी म्हणत नाही. फिरोजशहा मेहता बॅरिस्टरच होते, आणि १८८८ चा मुंबई महापालिकेचा कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. जमिनीचे कागद वाचता येणारी माणसं सभागृहात हवीतच. नाहीतर विकास आराखड्यातलं आरक्षण कधी उडालं हे कळायलाच आपल्याला दहा वर्षं लागतात. माझा मुद्दा एवढाच की त्यांनी तिथे कोणाची कागदपत्रं बगलेत मारून बसायचं?

कन्व्हेयन्सचंच घ्या. मोफा कायदा १९६३ चा. सोसायटी नोंदली की चार महिन्यांत जमीन आणि इमारत तिच्या नावावर करून द्यायची, असं नियम सांगतो. करारात वेगळी मुदत ठरली असेल तर मात्र ती मुदत लागू. खरी गोम इथेच आहे. 'संपूर्ण लेआउट पूर्ण झाल्यावर, सर्व एफएसआय वापरून झाल्यावर, शेवटच्या इमारतीचा ताबा दिल्यावर अभिहस्तांतरण करण्यात येईल' हे वाक्य तुमच्या करारनाम्यात आहे का बघा. लेआउट कधी पूर्ण होणार? बिल्डरला वाटेल तेव्हा. अहो, हे वाक्य काही बिल्डर स्वतः लिहीत नाही. ते वकील लिहितो, फी घेऊन लिहितो आणि चांगलं लिहितो.

बिल्डर कन्व्हेयन्स देतच नाहीत म्हणून २००८ मध्ये कायदा बदलून मानीव अभिहस्तांतरण आणावं लागलं. म्हणजे आता सोसायटीने जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करायचा, कागद गोळा करायचे, वकील लावायचा. आणि रविवारी हॉलमध्ये 'मोफत मार्गदर्शन शिबिर' कोण घेतं? आठवडाभर ती कलमं लिहिणारे काही जण तिथेच व्यासपीठावर असतात. शाल, श्रीफळ, टाळ्या. कुलूपही त्यांचंच, किल्लीही त्यांचीच, आणि वर आपण आभार मानायचे.

पुनर्विकासात तर विचारूच नका. सोसायटीचा वकील कोण, तर बिल्डरने 'सुचवलेला'. शेजारच्या सोसायटीच्या सभेत एका काकांनी साधा प्रश्न विचारला, "साहेब, तुम्ही या बिल्डरचं आधी काम केलंय का?" अध्यक्षांनी त्यांना खाली बसवलं. म्हणे, विषयपत्रिकेत नाही! खरं तर हा प्रश्न यायच्या आधीच उत्तर द्यायला वकील बांधील आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियम स्पष्ट आहेत. काम स्वीकारताना पक्षकारांशी असलेले आपले संबंध अशिलाला पूर्ण उघड करायचे, आणि ज्या प्रकरणात एका बाजूला सल्ला दिला त्यात विरुद्ध बाजूने उभं राहायचं नाही. काकांनी आगाऊपणा केला नव्हता, नियमातलंच मागितलं होतं.

आता त्या ६५ इमारती. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवलेल्या. उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडायचा आदेश दिला, तेव्हा हप्ते भरणारी कुटुंबं रस्त्यावर आली. महारेराच्या नोंदणीला वकिलाचा टायटल रिपोर्ट लागतो. वकील म्हणतील, आम्ही जमिनीची मालकी तपासली, बांधकाम परवानगी तपासणं आमचं काम नव्हे. तांत्रिकदृष्ट्या बरोबर! पण बुकिंग ऑफिसमध्ये गिऱ्हाइकाला फाइल दाखवतात तेव्हा 'वकिलांनी सगळं क्लिअर दिलंय' असंच सांगतात ना? त्या वाक्याला आजवर किती वकिलांनी जाहीरपणे हरकत घेतली?

निवडणुकीला उभं राहताना प्रतिज्ञापत्रात मालमत्ता लिहायची, कर्ज लिहायचं, गुन्हे लिहायचे. अशील कोण, हे कोणी विचारत नाही. उद्या हेच साहेब एखाद्या भूखंडाचं आरक्षण बदलण्याच्या प्रस्तावावर हात वर करतील आणि त्याच भूखंडाचा करारनामा त्यांच्याच ऑफिसात टाइप झालेला असेल. आपल्याला कळणार कसं?

यावर लगेच उत्तर येतं: वकील-अशील गोपनीयता. ती असते संभाषणाला आणि सल्ल्याला. अशील तुमच्याशी काय बोलला ते आम्हाला नकोच आहे. महारेराच्या वेबसाइटवर तुमच्याच सहीचा रिपोर्ट चढवलेला असताना त्यात गुपित कसलं उरलं?

म्हणून मागणी सरळ आहे. नगरसेवकपद, फेडरेशनचं पद किंवा पालिकेच्या कुठल्याही समितीवरची जागा मागणाऱ्या प्रत्येक मालमत्ता-वकिलाने आपल्या हद्दीतल्या कोणकोणत्या विकासकांचं काम केलं, ती यादी जाहीर करावी. एक पान पुरेल. पान पुरत नसेल तर तेही आम्हाला कळू दे.

तोवर आपण काय करायचं? महारेराच्या साइटवर जा, आपल्या वॉर्डातले प्रकल्प एकेक उघडा, कागदपत्रांत टायटल रिपोर्ट शोधा आणि खालची सही वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे. ती नावं घेऊन पुढच्या सभेला या. आणि काकांना पुन्हा खाली बसवायला कोणी उठलं, तर या वेळी त्यांच्या शेजारी आणखी दहा जण उभे राहा.