हीटर थंड फुंकते तेव्हा इंजिन पाणी मागत असते



आज पिकाचं नाही, गाडीचं लिहून राहिलो. पण विषय शेवटी पाण्याचाच आहे, म्हणून पूर्ण वाचा.

थंडी पडली की आपल्या मौदा भागात एक तक्रार दरवर्षी ऐकू येते. गाडी रोडवर पळते तोवर हीटर मस्त गरम. पण कळमना मार्केटच्या लाइनीत नाहीतर रेल्वे फाटकावर उभी राहिली, की दोन मिनिटांत हीटरमधून थंडगार हवा. परत रेस दिली की गरम. आणि बहुतेकांचं उत्तर ठरलेलं, "दोन महिन्याची थंडी आहे भाऊ, स्वेटर घाल अन् चाल."

माझं मत याच्या एकदम उलट आहे. गाडी उभी असताना हीटर थंड फुंकत असेल तर तो हीटरचा आजार नाही, इंजिनाचा आहे. जानेवारीत हीटर जे सांगते ते ऐकलं नाही, तर तेच मे महिन्यात इंजिन सांगते. तेव्हा स्वेटर कामी येत नाही, खिसा कामी येते.

आपला भाग पाहा ना. नागपूरला मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ वर आला होता. म्हणजे ४४ अंशांचा फरक. एवढा फरक एकच रेडिएटर, एकच पंप आणि तेवढंच काही लिटर पाणी सांभाळते. त्या पाण्याकडे आपण किती वेळा पाहतो?

हीटर म्हणजे कॅनॉलचा टेल

गाडीच्या हीटरला वेगळी शेगडी नसते. इंजिन तापते, त्याची उष्णता कूलंट घेते, आणि त्यातलं थोडं कूलंट दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डच्या मागं असलेल्या छोट्या रेडिएटरमध्ये जाते. त्याच्यावरून पंखा हवा मारते, ती आपल्याला गरम लागते. बस एवढंच.

हे कूलंट फिरवते वॉटर पंप, ज्याला मिस्त्री लोक वॉटर बॉडी म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो इंजिनाच्या बेल्टवर फिरते. रोडवर इंजिनाच्या मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्या, तर उभ्या गाडीत आठशेच्या आसपास. म्हणजे उभ्या गाडीत पंपाचा जोर तिसऱ्या हिश्श्यावर येते.

पेंचचं पाणी घेणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. कॅनॉल भरून सुटला की टेलच्या वावरालाही पाणी भेटते. विसर्ग कमी झाला की हेडवाल्याची बांधी भरते आणि टेलवाला पाहत राहते. हीटर हा कूलंटचा टेल आहे. कूलंट कमी झालं, पंप थकला किंवा मधात हवा धरली, की पहिला कोरडा पडते तो हीटरच.

हवा धरणं म्हणजे काय तेही आपल्याला माहीत आहे. विहिरीवरून वावरात पाइपलाइन टाकतो तेव्हा चढावर एअर व्हॉल्व्ह कशाला बसवतो? उंच जागी हवा साचते आणि पाणी अडवते म्हणून. बऱ्याच गाड्यांत हीटरचा रेडिएटर आणि त्याचे पाइप वरच्या अंगाला असतात, म्हणून कूलंट कमी झालं की हवा तिथंच जाऊन बसते. रेस दिली की पंप जोरानं ढकलते, हवेतून थोडं पाणी पुढं सरकते, हीटर गरम. रेस सोडली की परत थंड.

गॅरेजला जायच्या आधी घरीच पाहा

पहिलं काम, सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची टाकी पाहा. वर-खाली दोन खुणा असतात, पातळी मधात पाहिजे. गरम इंजिनाचं झाकण कोणीही, कधीही उघडू नका. आत दाब असते, उकळतं पाणी तोंडावर येते.

पातळी कमी असेल तर नुसती भरून मोकळं होऊ नका. कूलंट बंद चक्रात फिरते, ते विनाकारण कमी होत नाही. कमी झालं म्हणजे कुठं तरी गेलं. रबरी पाइपांचे जोड, रेडिएटरचा खालचा भाग, वॉटर पंपाच्या खालचं छोटं छिद्र, इथं ओल किंवा रंगाचा वाळलेला डाग पाहा. बाजूच्या सीटखालचं मॅटिंग ओलं असेल, काचेवर आतून चिकट धूर बसत असेल आणि गोडसर वास येत असेल, तर हीटरचाच रेडिएटर गळत आहे.

दुसरं काम, इंजिन गरम झाल्यावर हीटर फुल गरमवर ठेवून हीटरकडे जाणारे दोन्ही पाइप सांभाळून चाचपून पाहा. हात, शेला, ओढणी फॅन आणि बेल्टपासून दूर ठेवा.

दोन्ही पाइप गरम आणि हवा थंड, तर पाणी बरोबर फिरते, पण डॅशबोर्डातली गरम-थंड करायची झडप किंवा तिची वायर अडकली.

एक गरम आणि एक थंड, तर हीटरमधून पाणी जात नाही. हवा धरली, रेडिएटर चोकअप झाला, पंप कमजोर पडला, किंवा जुन्या गाडीत हीटरचा कॉक अडकला.

दोन्ही कोमट, तर कूलंट फारच कमी आहे, किंवा थर्मोस्टॅट उघडाच अडकून पडला आहे.

एक खूण ध्यानात ठेवा. चालताना गरम आणि उभं राहिल्यावर थंड, तर संशय कूलंट, हवा आणि पंपावर घ्या. उभं असताना बरं आणि चालताना थंड, तर थर्मोस्टॅटवर घ्या, काहून की चालताना समोरचा वारा रेडिएटर जास्त थंड करते.

आणि हेही खरं की डिझेल इंजिन उभ्या उभ्या फार कमी तापते. कडाक्याच्या थंडीत सकाळी सुरू करून दहा मिनिटं उभं ठेवलं आणि हवा कोमटच राहिली, तर तो बिघाड नाही. पूर्ण गरम झालेली गाडी उभी राहताच थंड फुंकू लागली, तर तो बिघाड समजा.

हवा कशी काढायची

थंड इंजिन. गाडीची पुढची चाकं थोड्या चढावर. हीटरचं बटन फुल गरमवर. झाकण उघडून कूलंट हळूहळू भरा आणि वरचा मोठा रबरी पाइप हातानं दाबत राहा, बुडबुडे निघतात. काही इंजिनांवर हवा काढायचा वेगळा स्क्रू असते, तो गाडीच्या पुस्तकात पाहा. मग इंजिन सुरू करून मोकळ्या जागेत उभं ठेवा, पातळी बसली की भरत जा, नंतर झाकण लावा. रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालू द्या. थंड झाल्यावर परत पातळी पाहा आणि दोन दिवसांनी आणखी एकदा पाहा.

हवा काढूनही बुडबुडे थांबत नसतील, थंड इंजिन सुरू करताच पाइप दगडासारखे टणक होत असतील, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, किंवा इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर हेडचं पॅकिंग गेल्याची शंका घ्या आणि गाडी चालवू नका. थंडीत सुरुवातीची काही मिनिटं सायलेन्सरमधून वाफ निघते, तिला घाबरायचं कारण नाही.

आता माझं भांडण

माझं भांडण तीन सवयींशी आहे.

पहिली सवय, बोरचं पाणी. घरात पाणी तापवायच्या रॉडवर पांढरा थर बसते तो आपण पाहतो. ड्रिपच्या नळ्या क्षारानं बंद पडतात म्हणून ॲसिड ट्रीटमेंट करतो. माती तपासतो, पाणी तपासतो, सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारतो. आणि तेच बोरचं पाणी मग्ग्यानं रेडिएटरमध्ये ओततो! तिथं तर ते रोज उकळीच्या जवळ जाते. बारीक नळ्यांत क्षाराचा थर बसला की पहिले हीटर थंड होते, मग इंजिन गरम होते. आणि कोणी ड्रिपसारखं ॲसिड रेडिएटरमध्ये टाकायचा सल्ला दिला तर ऐकू नका, ॲल्युमिनियम खाऊन टाकते.

कूलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नाही. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळते. अर्धं कूलंट आणि अर्धं डिस्टिल्ड पाणी असेल, तर झाकणाच्या दाबाखाली उकळी १२० च्या पुढं जाते. आपल्या मे महिन्यात हाच फरक इंजिन वाचवते. शिवाय त्यात गंज रोखणारी औषधं असतात, ती काही वर्षांत संपतात, म्हणून पुस्तकात दिलेल्या मुदतीत ते बदलायचं असते. डब्यावर काय लिहिलं ते वाचा. काही डबे तयार असतात, काहींत पाणी मिसळायचं असते. निव्वळ घट्ट कूलंट भरणंही चूक, ते उष्णता कमी वाहून नेते. आणि रंग सारखा म्हणजे माल सारखा असं नसते.

दुसरी सवय, थर्मोस्टॅट काढून फेकणं. "आपल्या भागात याचं काही काम नाही," असं मी एकाहून जास्त मिस्त्र्यांच्या तोंडून ऐकलं आहे. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडते, म्हणजे इंजिनाला लवकर त्याच्या कामाच्या तापमानाला आणते. तो काढला की थंडीत इंजिन थंडच पळते, डिझेल जास्त पिते, ऑइल लवकर खराब होते, झीज वाढते. काही इंजिनांत तर तो काढला की बायपासचा रस्ता उघडाच राहते, पाणी रेडिएटरला टाळून गोल फिरते आणि उन्हाळ्यात उलट जास्त तापते. बंद पडलेला थर्मोस्टॅट बदलायचा असते, काढायचा नसते.

तिसरी सवय, हीटर बायपास करून देणं. गळती आहे तर दोन पाइप एकमेकांना जोडले, काम झालं. रस्त्यात अडकले तर घरी येण्यापुरतं ठीक आहे. पण कायमचं नको. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कन्हानच्या पुलावर धुकं असते आणि भंडारा रोडवर ट्रकांची रांग. काचेवरची आतली वाफ हीटरच्या गरम हवेनं जाते. हीटर बंद असलेला ड्रायव्हर एका हातानं काच पुसते आणि एका हातानं स्टेअरिंग धरते. भाजीची गाडी असो की पेशंट घेऊन नागपूरला निघालेली असो, हे परवडणारं नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनो, तुम्हीही ऐका

आपल्या साध्या ट्रॅक्टरला हीटर नसते, म्हणून ही पहिली सूचना देणारंच कोणी नसते. बाकी सगळं तेच, पंप, बेल्ट, थर्मोस्टॅट, रेडिएटर. त्यात मळणीचं कुटार आणि रोवणीचा चिखल जाळीत भरते. बऱ्याच डिझेल इंजिनांत सिलिंडरचे लायनर थेट पाण्यात असतात. कूलंट नसेल तर त्यांच्या बाहेरच्या अंगाला बारीक खड्डे पडतात आणि एक दिवस पाणी ऑइलमध्ये उतरते. शेतकरी मेळाव्यात ट्रॅक्टरच्या अनुदानावर तासभर भाषण होते. कृषी अधिकारी साहेबांना माझी विनंती आहे, त्यातली दहा मिनिटं रेडिएटरला द्या. एका हंगामात वाचलेलं इंजिन हेही शेतकऱ्याचं उत्पन्नच आहे.

शेवटी दोन गोष्टी जिवाच्या. हीटर तपासायला बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवू नका, सायलेन्सरच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसते आणि माणूस बसल्या जागी जाते. आणि काढलेलं कूलंट अंगणात, गोठ्याजवळ सांडू नका. चवीला ते गोड असते आणि विषारी असते. वासरू, कुत्रं चाटून मरते. डब्यात भरून गॅरेजला द्या.

कूलंटचा डबा काही शे रुपयांत येते. हेडचं काम हजारांत जाते, आणि ऐन हंगामात गाडी उभी राहते ते वेगळं. उद्या सकाळी दुधाला जायच्या आधी बोनेट उघडा आणि टाकीतली पातळी पाहा. एवढंच करा.

तुमच्याकडं कोणत्या गाडीला असं झालं आणि कारण काय निघालं, ते लिहा. दुसऱ्या एखाद्या भावाचं इंजिन वाचेल.