सुट्टीचा रस्ता विजापूरवरून जाऊ द्या

मे महिना जवळ आला की घराघरांत सुट्टीची चर्चा सुरू होते. ज्यांना परवडते ते काश्मीर किंवा केरळ गाठतात. जियारतीची ओढ असलेली कुटुंबे अजमेरची तिकिटे काढतात. सोलापूरपासून जेमतेम शंभर किलोमीटरवरचे विजापूर मात्र ‘कधीतरी बघू’ म्हणत वर्षानुवर्षे मागे पडते. मराठी मुसलमानाने एकदा तरी मुलांना गाडीत घालून सोलापूर, विजापूर, गुलबर्गा, बीदर, हैदराबाद असा प्रवास करावा, असे मला वाटते. चार-पाच दिवस त्याला पुरतात.

हा आग्रह हौसेपोटी नाही. आपल्या मुलांच्या कानावर लहानपणापासून दोन गोष्टी पडतात. बाहेर कुणीतरी सुनावतो, ‘तुम्ही बाहेरून आलेले.’ घरात किंवा जलशात कुणी सांगतो, आपली भाषा मोडकी, आपल्या चालीरीती कच्च्या. खरी उर्दू लखनौची, खरी तहजीब आणखी दूरची. या दोन्हींच्या मध्ये मुलाला स्वतःचा पत्ताच सापडत नाही. तो पत्ता या रस्त्यावर आहे.

विजापूरला लोक गोल घुमट पाहतात, आवाज घुमवतात आणि निघून जातात. सुमारे ४४ मीटर व्यासाचा तो घुमट थक्क करणारा आहेच. पण मुलांना इब्राहिम रौजाही दाखवा. तिथे दफन असलेला दुसरा इब्राहिम आदिलशहा १५८० मध्ये गादीवर आला. त्याने ‘किताब-ए-नौरस’ हा गीतांचा ग्रंथ दखनी भाषेत रचला. त्या गीतांत सरस्वती आहे, गणपती आहे आणि गुलबर्ग्याचे ख्वाजा बंदानवाजही आहेत. याच आदिलशाहीच्या महसुली कागदपत्रांत मराठी चालत होती आणि शहाजीराजे याच दरबाराचे सरदार होते. हे वाक्य पुस्तकात वाचणे वेगळे आणि त्या शहरात उभे राहून मुलाला सांगणे वेगळे.

गुलबर्ग्याच्या किल्ल्यातली जामा मशीद १३६७ ची आहे. मशिदीला एरवी असते तसे मोकळे अंगण हिला नाही, सगळी वास्तू छपराखाली आहे. उन्हाळ्यात तिथल्या कमानींखाली गेले की बाहेरच्या झळा विसरायला होतात. याच शहरात एकीकडे ख्वाजा बंदानवाजांचा दर्गा आहे आणि दुसरीकडे शरणबसवेश्वरांचे मंदिर. बीदरजवळच्या अष्टूरला सुलतान अहमदशहा वलीची कबर आहे. लिंगायत भाविक त्याला अल्लमप्रभूंच्या रूपात मानतात आणि त्याच्या उरुसात जंगमाला मान असतो. ही प्रथा कुठल्या एकात्मता समितीने सुरू केलेली नाही. लोकांनी ती शतकानुशतके सांभाळली आहे.

यावर काही जण म्हणतील, हे राजे काय संत होते? नव्हतेच. १५६५ च्या लढाईनंतर विजयनगरची धूळधाण झाली, तेही मुलांना सांगायलाच हवे. जमल्यास वाट वाकडी करून हंपी दाखवा. मात्र त्याच वेळी हेही सांगा की विजयनगरच्या रामरायाच्या फौजेत मुसलमान सैनिक होते आणि पुढे सुलतानांच्या फौजांत मराठे लढत होते. बीदरला महमूद गवानचा मदरसा आहे, १४७२ मध्ये बांधलेला. भिंतींवरच्या रंगीत फरशा आता थोड्याच उरल्या आहेत. एवढा विद्वान वजीर, पण १४८१ मध्ये शत्रूंनी रचलेल्या बनावट पत्रावर विश्वास ठेवून त्याच्याच सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला. सत्तेचा धर्म सत्ताच असतो, हे मुलांना समजावून सांगायला यापेक्षा चांगली जागा नाही.

आणखी एक गोष्ट नकाशा पुढे ठेवून दाखवावी. बहामनी राज्य १३४७ मध्ये दिल्लीच्या सुलतानाविरुद्ध बंड करून उभे राहिले. त्याच्या वारसांपैकी विजापूर १६८६ मध्ये आणि त्याच राज्यातून फुटून निघालेली गोवळकोंड्याची कुतुबशाही १६८७ मध्ये संपली. दोन्ही संपवणारा दिल्लीचा बादशहा औरंगजेब होता. मग हा इतिहास हिंदू विरुद्ध मुसलमान एवढ्यात कसा बसवायचा? तो बऱ्याच अंशी दिल्ली विरुद्ध दख्खन असाही आहे आणि त्यात आपण दख्खनच्या बाजूचे आहोत.

प्रवासाचे नियोजन सोपे ठेवा. फजरनंतर लगेच निघा, दहा-अकरापर्यंत इमारती बघून घ्या, दुपार सावलीत काढा, असरनंतर पुन्हा बाहेर पडा. बीदरच्या कारागिराकडे अर्धा तास बसा. जस्ताच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकून शेवटी किल्ल्यातली माती लावली की धातू काळाभोर होतो आणि चांदी उजळून निघते. हे बघताना मुले मोबाइल विसरतील. गाडीत जागा असेल तर शेजारच्या हिंदू मित्राचे कुटुंबही सोबत घ्या. हा वारसा एकट्याने मिरवण्याचा नाही, तो दोघांचा आहे.

शेवटचा मुक्काम हैदराबाद. १५९१ मध्ये चारमिनार उभारणारा मुहम्मद कुली कुतुबशहा दखनीत कविता लिहीत असे. आज त्याच चारमिनारच्या बाजारात बांगड्यांचा भाव करताना दुकानदार ‘नक्को’ म्हणतो, ‘मैंच बोला’ म्हणतो. मुलांना विचारा, हा ‘नको’ कुणाचा आणि हा ‘च’ कुठून आला? उत्तर ती लगेच देतील, कारण दोन्ही मराठीतून आले आहेत. ज्या बोलीला आपण मोडकी म्हणून लपवतो, तिच्यात एका बादशहाचा दीवान आहे आणि आपली मायमराठीही आहे. इतके कळलेले मूल ‘तुम्ही कुठले?’ या प्रश्नाला खाली मान घालणार नाही. ते सरळ सांगेल, इथलेच.